आधी कोपर धरायचं

१४ ऑगस्ट

मावशी,

नमस्कार, तब्येत, सगळं क्षेमकुशल वगैरे तू मनातल्या मनात वाचून घे. मला धीर नाही. माझा सराव पाठ साफ आपटला.

रंगांचा पाठ होता. बोटं दुखेपर्यंत पुठ्ठ्याचे मासे कापले होते. तळं म्हणून निळी चादर अंथरली. "लाल मासा कोण पकडणार?" असं विचारलं मात्र, सगळा वर्ग उठून तळ्यात! एकजण पोटावर पडून पोहायला लागला, दोघींची एकाच माशावरून ओढाओढ, एकाने तर मासा चावून बघितला. मी ओरडले. चक्क पाय आपटून ओरडले. आमच्या प्रशिक्षक बाई कोपऱ्यात बसून लिहीत होत्या आणि त्यांचं पेन थांबतच नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगता फार. ऐकता कधी?"

ऑक्टोबरमध्ये आणखी एकदा संधी मिळणार. तेव्हा मंडळाच्या निरीक्षक बाई येतात. त्यातही गाडी घसरली तर प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही तर बालवाडीत कोणी उभं करणार नाही. म्हणजे सगळं मुसळ केरात. आईला यातलं काही माहीत नाही. तूही तोंड उघडू नकोस.

मला जागेवर बसवत नाही. खोलीतली खुर्ची आज तिसऱ्यांदा हलवली. तुझ्याशी बोलावंसं वाटतं, पण तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "पत्र लिही गं, फोनवर धड काही होत नाही" म्हणून ठेवून देतेस. पोस्टात गेले की तिथला माणूस माझ्याकडे एखाद्या जुन्या नाण्याकडे बघावं तसा बघतो. असो. तुझं वळणच जुनं, त्याला कोण काय करणार!

आई म्हणत होती, तुझंही प्रमाणपत्र यंदा संपतंय. नूतनीकरणाला हल्ली लेखी चिंतन द्यावं लागतं ना? ते मी लिहून देते. लिहिण्यात मी वाघ आहे. तू मला फक्त मुलं ताब्यात कशी ठेवायची ते सांग. बोल, आहे कबूल?

तुझी भिंगरी


२५ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं नाव ठेवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू कुठे स्थिर बसायची नाहीस. मासे हातात देण्याआधी तळ्याच्या काठावर बसवायचं, एवढं साधं. पोरांना पाणी दिसलं की ती उडी मारणारच. चादरीचं असलं म्हणून काय झालं?

आणि ओरडलीस म्हणून एवढी मेल्यासारखी होऊ नकोस. सगळेच ओरडतात. फक्त निरीक्षक समोर नसतात तेव्हा.

आता कामाचं सांगते. माझ्या वर्गात एक नियम आहे आणि तो पहिल्या आठवड्यात लागतो. बाईंशी बोलायचं असेल तर लांबून हाक मारायची नाही. जवळ यायचं, बाईंचं कोपर धरायचं. बाई वळतात, खाली बसतात, तोंडासमोर तोंड आणतात. मग बोलायचं. आधी कोपर धरायचं, मग बोलायचं. सुरुवातीला पोरं विसरतात. आपण वळायचंच नाही. दोन-चार दिवसांत येतं त्यांच्या अंगात. मग वर्गात कलकलाट राहत नाही, कारण ओरडून काही मिळत नाही हे त्यांना कळलेलं असतं. करून बघ.

माझ्या नूतनीकरणाचं म्हणशील तर पूर्वी नुसता अर्ज टाकला की कागद घरी यायचा. आता नियम बदललेत. लेखी चिंतन, एक सकाळ निरीक्षण, शिवाय डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला. वर्ष संपायच्या आत झालं नाही तर छोटा गट माझ्याकडून जाणार, असं मुख्याध्यापिका मॅडमनी गोड आवाजात सांगितलं. गोड आवाजात सांगितलेलं नेहमी खरं असतं. माझं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलंय गं. सकाळी त्या बुटक्या खुर्च्या मांडल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. त्या खोलीबाहेर मी कोण, हे मलाच सांगता येणार नाही. परवापासून उगाच कपाटं आवरते आहे. आवरलेली परत काढते, परत लावते.

तर चिंतन तू लिही. विषय आहे "मुलाचं ऐकून घेणे". मॅडमनी निवडला.

यंदा वर्गात एक नवीन पोर आलंय. तीन वर्षांची, डोळे हे एवढे, आणि तोंडातून शब्द म्हणून नाही. मी तिला मौनीबाई म्हणते. कोपरही धरत नाही. माझ्या मागे मागे फिरते नुसती. बघू, कधी फुटतंय तोंड.

तुझी मावशी


१२ सप्टेंबर

मावशी गं मावशी,

तुझं कोपर म्हणजे जादू आहे!

सरावाच्या वर्गात पहिले दोन दिवस मुलांनी मला वेड्यात काढलं. मी वळतच नाही म्हटल्यावर एकाने माझी वेणी ओढली. पण चौथ्या दिवशी एक ठेंगणी मुलगी आली, दोन्ही हातांनी माझं कोपर घट्ट धरलं आणि कुजबुजली, "माझ्या चपलेत दगड आहे." मावशी, मी खाली बसले, तिच्याकडे बघितलं, आणि मला एकदम कळलं की प्रशिक्षक बाई "ऐकता कधी" म्हणाल्या ते काय. मी या मुलांकडे आजवर वरून बघत होते. त्या चपलेतला दगड काढताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. अंतिम प्रबंधासाठी मी हाच विषय घेतला आहे. मूल स्वतः जवळ येतं, स्पर्श करतं, मोठं माणूस त्याच्या उंचीला उतरतं, डोळ्यांत बघतं, ओठ बघतं, आणि मग संवाद. किती विचार केला असशील तू हे ठरवताना! आम्हाला इथे जाड जाड पुस्तकं वाचायला लावतात, आणि तू ते सगळं एका कोपरात बसवलंस.

सोबत तुझ्या चिंतनाचा मसुदा पाठवते आहे. अक्षर तुझं काढ म्हणजे झालं.

आणि त्या मौनीबाईचं मला राहून राहून मनात येतं. तिचे कान तपासलेत का? आम्हाला शिकवलंय, मूल बोलत नसेल तर आधी ऐकू येतं का ते बघायचं. लहान आहे म्हणून लक्षात येत नाही, आणि अशी माणसं ऐकू येत नसल्याचं फार हुशारीने झाकतात म्हणे. लवकर कर हं हे.

तुझी भिंगरी


२२ सप्टेंबर

भिंगरी,

मसुदा वाचला. "बालकाच्या अंतर्विश्वाशी तादात्म्य पावताना" हे मी लिहिलंय यावर माझं मांजरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. सोपं करून पाठव.

मौनीचे कान तपासले. तिच्या आईला मीच बोलावून सांगितलं की वर्गात एक अक्षर बोलत नाही, दाखवून घ्या. ती म्हणाली, "घरी तर बडबडते." मी म्हटलं, आईला आपलं मूल बडबडतंच वाटतं. बिचारी घाबरली. कामावरून सुट्टी घेऊन पोरीला कुठे कुठे घेऊन गेली. कान ठणठणीत. आता कोणी म्हणतं मनाच्या डॉक्टरकडे न्या, कोणी म्हणतं अजून थांबा. काल गेटपाशी रडली माझ्यासमोर. मी तिला धीर दिला, तेवढं मला जमतं.

माझा दाखला राहिलाय. आमचे डॉक्टर रजेवर आहेत. दुसरे आहेत ते फार वेळ घेतात. होईल. मॅडम रोज विचारतात. रोज विचारलं की मला आणखीच जावंसं वाटत नाही.

तू प्रबंधात माझं काही घालू नकोस. घरगुती गोष्ट आहे ती, तिचा एवढा गाजावाजा कशाला?

मावशी


१९ ऑक्टोबर

मावशी!

पास! पास! पास!

आईला फोन केला, ती म्हणाली, "नापास व्हायची वेळ आली होती हे आत्ता सांगतेस?" आणि रागावून अर्धा तास आनंदाने बोलली.

मंडळाच्या निरीक्षक बाई आल्या होत्या. उंच, किडकिडीत, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा. माझी पाचावर धारण बसली होती. पण मुलं शहाण्यासारखी वागली. एकामागून एक येत होती, कोपर धरत होती, बोलत होती. मध्येच एक मुलगा निरीक्षक बाईंकडे गेला, त्यांचंही कोपर धरलं आणि विचारलं, "तुझी आई कुठे आहे?" बाई हसल्या, मावशी! नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठून शिकलात?

तू नको म्हणाली होतीस. पण मला राहवलं नाही. तुझा मोठेपणा तू झाकून ठेवणार आणि मी तुझ्या जोरावर पास होणार, हे मला पटेना. मी सगळं सांगितलं. प्रबंधातही लिहिलं आहे. नाव नाही घातलं, "माझ्या मावशीचा वर्ग" एवढंच. आणि आता खरी बातमी ऐक. बाई म्हणाल्या, तुमच्या मावशींच्या नूतनीकरणाचं निरीक्षण कोणाकडे आहे ते बघते, शक्य असेल तर मी स्वतः जाईन, मला हे मुळातून बघायचं आहे.

तुझं काम झाल्यातच जमा! निरीक्षक आधीच तुझ्या बाजूने असल्यावर काय बिशाद आहे कोणाची अडवायची? आता तरी मला शाबासकीचं एक लांबलचक पत्र लिही.

तुझी (प्रमाणित होऊ घातलेली) भिंगरी


११ नोव्हेंबर

मावशी,

तीन आठवडे झाले, तुझा कागद नाही. आईने दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा उचललास, "हो हो, बरी आहे" म्हणालीस आणि ठेवून दिलास. आई म्हणते, तिने विचारलं होतं, "येत्या रविवारी येऊ का?" त्याला "हो हो, बरी आहे" हे काय उत्तर झालं?

माझं काही चुकलं का? रागावली असशील तर तसं लिही. तू रागावलेली मला चालते. तू गप्प बसलेली चालत नाही. पोस्टमनची वाट बघत मी रोज दाराशी उभी असते आणि तो माझी नजर चुकवून शेजारी जातो.

भिंगरी


२० नोव्हेंबर

भिंगरी,

रागावले होते. इतकी, की पत्र लिहायला बसले आणि तीनदा फाडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि दाखवलास तू. आता राग उतरलाय. त्याच्या जागी जे आलंय ते रागापेक्षा वाईट आहे.

कोपर धरायची पद्धत मी काही विचार करून काढलेली नाही. मला ऐकू येत नाही.

म्हणजे मोठी माणसं समोर बसून बोलली की येतं. पुरुषांचं जास्त येतं. पण पोरांचे आवाज बारीक, ते गेली काही वर्षं माझ्यापर्यंत पोचेनासे झाले. एकदम नाही, एकेक करत. म्हणून कोपर. म्हणून खाली बसणं. ओठ बघायला. तू लिहिलंस ना, "ओठ बघतं, आणि मग संवाद", ते वाचून मी पत्र घडी करून डब्याखाली सारलं होतं. वाटलं, कळलं हिला. पण तुला कुठलं कळायला? तू मला थोर समजत होतीस. आणि फोनचंही तेच. वळण जुनं नाही माझं.

दाखला यासाठीच टाळत होते. त्यात कानाची तपासणी आहे.

पण मी टाळतच राहिले असते. मौनी नसती तर. दहा-बारा दिवसांमागे पोरं डबे खात होती आणि मी सहज मदतनीस बाईंना म्हटलं, ही पोर काही बोलायची नाही वाटतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बाई, ती तर सारखी बोलत असते. तुमच्या मागे उभी राहून."

मला खरं वाटेना. म्हटलं, आता माझ्या मागे येईल तेव्हा मला खूण करा. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. फळ्याच्या बाजूला उभ्या मदतनीस बाईंनी मान हलवली. मी तशीच उभी. त्या नुसत्या मान हलवतायत आणि माझ्या पाठीमागे शांतता. वळले तर मौनीचं तोंड मिटलेलं. नंतर त्यांनी सांगितलं, ती म्हणत होती, "बाई, मी आले. बाई, मी आले." रोज सकाळी हेच म्हणते म्हणे.

जून महिन्यापासून ती पोर माझ्या पाठीला सांगते आहे, बाई मी आले. आणि मी तिच्या आईला बोलावून सांगितलं, तुमची मुलगी बोलत नाही.

त्याच दिवशी तिच्या आईकडे गेले. सांगितलं, मुलगी चांगली आहे, कान माझे गेलेत. तिने शेवटपर्यंत ऐकलं. दार लावून घेतलं. बरोबर आहे तिचं. मग तशीच कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र घालावं लागेल म्हणाले. घातलंय. खुर्ची सरकली तरी दचकते. नळाचं पाणी इतका आवाज करतं हे मी विसरले होते. पण आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही, पोर डावीकडे रडतं आणि मी उजवीकडे धावते. डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला महिने जातात. दाखल्यावर त्यांनी "यंत्रासह, फेरतपासणी करावी" असं लिहिलंय.

हे मी मॅडमना दाखवलं. त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दाखला शेवटी जोडू. निरीक्षक बाई आधीच खूश आहेत, वर्ग बघू देत, पद्धतीचं कौतुक करू देत, एकदा त्यांची सही झाली की मग कोण कानाचं वाचतंय? केस मोकळे सोडा त्या दिवशी." म्हणजे अळीमिळी गुपचिळी.

निरीक्षण पुढच्या आठवड्यात आहे. भिंगरे, मॅडम म्हणतात ते सोपं आहे. तुझ्या प्रबंधाने सगळं आयतं मांडून ठेवलंय. मी फक्त गप्प बसायचं, आणि खोली माझी राहते. मला ती खोली हवी आहे. किती हवी आहे ते तुला सांगता येत नाही. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते आणि परत येते.

मावशी


२३ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र मिळालं तसं हे लिहितेय, घाईत, उभ्यानेच.

मी तुला विचारलं होतं, त्या मुलीचे कान तपासलेत का? आणि वर लिहिलं होतं, अशी माणसं हुशारीने झाकतात. मला माझे हात तोडून टाकावेसे वाटतात. तुझ्या सगळ्यात जवळची म्हणवणारी मी, आणि मला काय दिसलं? पद्धत!

आता मी जे लिहिणार आहे त्याची मला लाज वाटते, तरी लिहिते. सांगू नकोस. मॅडम म्हणतात तसं कर. तुझी खोली जाईल. आणि माझाही प्रबंध आहे गं. त्यात पानंच्या पानं लिहिलीत मी, की ही विचारपूर्वक घडवलेली पद्धत आहे. त्याच निरीक्षक बाईंना तू सांगणार की बाईंना ऐकू येत नव्हतं म्हणून? माझं प्रमाणपत्र अजून हातात आलेलं नाही. त्या माझं तोंड बघतील का पुन्हा?

हे वाचून तू मला स्वार्थी म्हणशील. म्हण. मी आहेच. पण तुझ्यासाठीही म्हणते आहे. अर्धं अर्धं.

ही ओळ पुन्हा वाचली. मौनीच्या आईने दार लावून घेतलं ते वाचलं. आता मला कळत नाही. पत्र फाडत नाही, तसंच टाकते. तू तुझं ठरव. माझं बघू नकोस.

भिंगरी


८ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

झालं निरीक्षण. तुझं पत्र आदल्या दिवशी मिळालं. "अर्धं अर्धं" वाचून मला हसू आलं. निदान तुझ्या ओठात एक आणि पोटात एक नसतं.

निरीक्षक बाई आल्या. मी केस मोकळे सोडले नव्हते, घट्ट बांधले होते, कारण यंत्रावर केस घासले की खरखरतं. हे शौर्य नाही, सोय आहे. त्या दाराजवळच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसल्या. पोरं येत होती, कोपर धरत होती. बाई मान डोलावत लिहीत होत्या. मॅडम दारातून माझ्याकडे बघून हसत होत्या. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मला वाटलं, राहू दे. झालंच आहे की.

मग मौनी आली आणि माझ्या मागे उभी राहिली. यंत्रात मला ऐकू आलं, "बाई, मी आले." पहिल्यांदा. मी वळले तर ती नव्हतीच तिथे. आवाज एका बाजूने आला होता, मी वळले दुसरीकडे. ती घाबरून मदतनीस बाईंकडे पळाली. निरीक्षक बाईंनी ते बघितलं, पण त्यांना काही कळलं नसणार. त्यांनी विचारलं, "ही मुलगी कोपर नाही धरत?"

मी म्हटलं, "नाही. आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी पोरांना कोपर धरायला शिकवलं. यात पद्धत वगैरे काही नाही. माझ्या भाचीला हे माहीत नव्हतं, तिने मनापासून लिहिलंय, तिला यात धरू नका." आणि दाखला काढून दिला. मॅडमचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

निरीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "पद्धत वाईट नाही. पण जे मूल तुमचं कोपर धरायला भितं, त्याचं काय?" मी मदतनीस बाईंना बिलगलेल्या मौनीकडे बघितलं. उत्तर मला आजही येत नाही.

प्रमाणपत्र रोखलंय. फेरतपासणी होऊन पुन्हा निरीक्षण होईपर्यंत वर्ग माझ्या नावावर नाही. मंडळाच्या नियमात मदतनीस म्हणून राहता येतं. जानेवारीपासून छोटा गट नव्या बाईंकडे, आणि मी त्यांच्या हाताखाली पेले धुवायला. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं एक बरं आहे, त्या बोलल्या नाहीत तरी मला फरक पडायचा नाही.

विनोद केला. जमला नाही. भिंगरे, मला खूप वाईट वाटतंय.

मावशी


२९ डिसेंबर

मावशी,

माझं प्रमाणपत्र आलं. सोबत निरीक्षक बाईंची चिठ्ठी: "प्रबंधात एक प्रकरण वाढवा. जे मूल जवळ येत नाही त्याच्याविषयी." मी लिहायला बसले आणि मला एक ओळ सुचली नाही. माझ्याही सरावाच्या वर्गात एक मुलगा होता, खिडकीशी उभा असायचा. मला वाटायचं, त्याला काही सांगायचं नसेल. मी त्याला एकदाही विचारलं नाही. कोपर धरलं नाही ना त्याने!

आई म्हणते, तुझं आता वय झालंय, सोड ते सगळं आणि आमच्याकडे राहायला ये. मला वाटतं, तिचं बरोबर आहे. नव्या बाईंच्या हाताखाली, तुझ्याच खोलीत, तुझ्याच खुर्च्या मांडायच्या? मला नुसतं डोळ्यांपुढे आणवत नाही. तुझा अपमान मला इथे बसून सहन होत नाही आणि तू तो रोज सकाळी उठून करून घ्यायला जाणार. नको जाऊस. मी घ्यायला येऊ का?

भिंगरी


१७ जानेवारी

प्रिय भिंगरी,

घ्यायला येऊ नकोस. ताईला सांग, तिचं घर मला आवडतं, पण तिथे बुटक्या खुर्च्या नाहीत.

पहिले दिवस तू म्हणतेस तसेच गेले. नव्या बाई तुझ्याच वयाच्या. भराभर बोलतात. माझ्याशी फार अदबीने वागतात, ते अपमानापेक्षा जड जातं. त्यांनी गोष्ट सांगायला घेतली की मी नळाशी पेले विसळत उभी. हात शिवशिवायचे. दोनदा ठरवलं, उद्यापासून यायचं नाही. दोन्ही वेळा सकाळी पाय आपोआप इकडे वळले.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते. एका पोराने पाणी सांडलं. मी पुसायला खाली बसले आणि म्हटलं, "बाजूला व्हा रे, घसराल." मौनी शेजारीच होती. दोन्ही हात कानांवर ठेवून. मग हात काढले, माझ्या तोंडासमोर तोंड आणलं, आणि बोलली. समोरून, पहिल्यांदा.

म्हणाली, "बाई, तू ओरडू नको ना. मला भीती वाटते."

मी म्हटलं, "अगं, मी कुठे ओरडते?" आणि हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की नव्या बाईंची गोष्ट थांबली, सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली, आणि मी माझाच आवाज यंत्रातून ऐकला. भिंगरे, तो आवाज ऐकून मलाच भीती वाटली. म्हणजे इतकी वर्षं, खाली बसून, अगदी जवळ तोंड नेऊन, मी त्या लेकरांच्या अंगावर असं बोलत होते. स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. कोणी सांगितलं नाही. मदतनीस बाईंनी नाही, मॅडमनी नाही. ती माझ्या समोर येत नव्हती ते यासाठी. पाठीशी उभं राहिलं की माझा आवाज जरा लांब जातो.

मी फरशीवर बसूनच राहिले. डोळ्यांना पाणी आलं. मग शक्य तितक्या हळू विचारलं, "असं चालेल?"

तिने मान हलवली. नाही. आणखी हळू विचारलं. तरी नाही. माझ्या मते मी आता नुसते ओठ हलवत होते, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हां."

निरीक्षक बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. तुझ्या प्रकरणात काय लिहायचं ते तूच बघ. खिडकीतल्या त्या मुलाकडे आधी जा, मग लिही.

आज फेरतपासणीची वेळ घेतली आणि अर्ज भरला. मार्चमध्ये पुन्हा निरीक्षण आहे. खोली मिळेल की नाही कोण जाणे. मिळावी असं अजूनही तितकंच वाटतं, ते काही कमी झालेलं नाही. रोज डबे खाऊन झाले की मी मौनीसमोर बसते आणि बोलून दाखवते. आवाज चढला की ती माझ्या तोंडावर हात ठेवते. आज तीनदा ठेवला. काल मोजता आला नव्हता.

तुझी मावशी